दाराबाहेरची वीस पावले

२ ऑगस्ट २०२५ रोजी पनवेलला शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापनदिनाचा मेळावा झाला. त्या व्यासपीठावरून राज ठाकरे यांनी रायगड जिल्ह्यातल्या डान्स बारचा विषय काढला. ज्या जिल्ह्यात शिवाजी महाराजांची राजधानी, त्याच जिल्ह्यात हे बार सर्वाधिक, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच रात्री मनसेचे काही कार्यकर्ते पनवेलच्या वेशीवरील 'नाइट रायडर्स' या बारमध्ये घुसले. लाठ्याकाठ्या चालल्या, टेबले उलटली, बाटल्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत घरोघरीच्या मोबाइलवर फिरली, गुन्हा दाखल झाला आणि चार-आठ दिवसांत सारे शांत झाले.

जुन्या वाचकांना हे कुठेतरी वाचल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. मार्च २००५ मध्ये पनवेलचेच तेव्हाचे आमदार, त्याच शेतकरी कामगार पक्षाचे विवेक पाटील यांनी विधानसभेत डान्स बारविषयी लक्षवेधी सूचना मांडली होती. तिला उत्तर देताना गृहखाते सांभाळणाऱ्या आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी अमलात आली. म्हणजे ज्या पनवेलमधून विषय निघाला त्याच पनवेलला तो वीस वर्षांनी परत येऊन उभा राहिला. तेव्हा लक्षवेधी सूचना होती, आता काठ्या होत्या, एवढाच फरक.

मधल्या वीस वर्षांत काय झाले ते थोडक्यात पाहू. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. २०१४ मध्ये सरकारने कायदा पुन्हा दुरुस्त केला, २०१५ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला, अटींची लांबलचक यादी घेऊन. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या किंवा सैल केल्या. बारच्या आत कॅमेरे लावण्याची सक्ती गेली, शाळा-देवळांपासून एक किलोमीटरची अट गेली. पैसे उधळण्यावरची मनाई आणि रात्री साडेअकराची मर्यादा राहिली. सरकारे बदलली, मंत्री बदलले, वकील तर कितीतरी बदलले. वाद मात्र एकाच जागी खिळून राहिला. दाराच्या आत काय चालते, काय चालू द्यावे, कोण नाचते, कोण पाहते आणि आपली संस्कृती त्याने बुडते की तरते?

२०१३ च्या निकालातला एक विचार मात्र या गदारोळात कोणी फारसा उचलला नाही. बंदीचा परिणाम उलटाच झाला, अनेक स्त्रिया तिच्यामुळे अधिक वाईट धंद्यात ढकलल्या गेल्या; त्यापेक्षा तिथे काम करणाऱ्यांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती सुधारण्याचे उपाय योजणे बरे, अशा अर्थाचे न्यायालयाचे म्हणणे होते. सुरक्षितता हा तिथला कळीचा शब्द. आपण तो ऐकला आणि पुढे गेलो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

डान्स बारचा विषय इथवरच पुरे. आज नवी मुंबईतल्या घराघरांतली तरुण मुले-मुली ज्या ठिकाणी जातात ते वेगळे आहे. बेलापूरचा सेक्टर १५ घ्या, वाशीचा सेक्टर १७ घ्या. शनिवारी रात्री तिथे गेलात तर दिसणारी मुले आपलीच असतात. कोणी ऐरोलीच्या आयटी कंपनीत, कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कोणाचा वाढदिवस, कोणाला पहिला पगार मिळालेला. पब, लाउंज, क्लब अशी नावे निरनिराळी. आत मोठ्या आवाजात गाणी, अंधूक उजेड, दारू आणि गर्दी. आपल्या पिढीला तो आवाज सोसत नाही, हे खरे. पण आवाज न सोसणे आणि धोका असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

धोका कुठे असतो?

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. त्या नोकरीतली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. रोकड तिजोरीत असते तेव्हा तिची काळजी नसते. जाड भिंती असतात, दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, वहीत नोंद असते. काळजी असते ती पेटी शाखेच्या दारातून बाहेर पडून गाडीत चढेपर्यंतची. अंतर म्हणाल तर वीस पावले. पण बंदूकधारी रखवालदार उभा राहतो तो त्या वीस पावलांसाठी. गाडी दाराशी अगदी भिडवून उभी करायची, वेळ रोज तीच ठेवायची नाही, कोणी कुठे उभे राहायचे हे आधी ठरवायचे, हे सगळे त्या वीस पावलांचे नियम. कारण तिथे तिजोरीची भिंत संपलेली असते आणि गाडीचे दार अजून लागलेले नसते. त्या जागेचा मालक कोणीच नसतो.

पब-बारभोवतीच्या हिंसेचा नकाशा काढला तर ती याच वीस पावलांत सापडते.

१ जानेवारी २००८. नववर्षाच्या रात्री जुहूच्या एका पंचतारांकित हॉटेलातून बाहेर पडलेल्या दोन स्त्रियांना सत्तर-ऐंशी जणांच्या जमावाने घेरून त्यांची विटंबना केली. वेळ पावणेदोनच्या सुमाराची. आत त्या सुरक्षित होत्या. जे झाले ते रस्त्यावर झाले.

२० ऑक्टोबर २०११. अंधेरीच्या अंबोली भागात एका खाण्यापिण्याच्या ठिकाणाबाहेर तरुण मित्रमैत्रिणींचा घोळका उभा होता. काही जणांनी मुलींची छेड काढली, मित्रांनी त्यांना हटकले. ते गेले आणि आणखी माणसे व हत्यारे घेऊन परत आले. एक तरुण त्याच रात्री गेला, दुसरा अकरा दिवसांनी रुग्णालयात. भोवती माणसे होती. ती पाहत राहिली. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. न्याय झाला असे म्हणायला हरकत नाही. पण मला त्या घटनेतली मधली वेळ छळते. ते गेले आणि परत आले, यांच्यामध्ये काही मिनिटे होती. त्या मिनिटांत मुलांना आत घ्यावे, दार लावावे, पोलिसांना बोलवावे, हे कोणाचे तरी ठरलेले काम असते तर? तसे ते कोणाचेच नव्हते. दाराच्या आतला माणूस आतले पाहणार, रस्त्यावरचा आपल्या वाटेने जाणार. मधली वीस पावले बेवारस.

१९ मे २०२४. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. त्याआधी त्याला दोन ठिकाणी दारू मिळाली होती. बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून महाराष्ट्र संतापला, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे प्रकरण निघाले, ते सारे आपल्याला पाठ आहे. जुलै २०२४ मध्ये वरळीला भल्या पहाटे स्कूटरवरून जाणाऱ्या मासेविक्रेत्या जोडप्याला मोटारीने उडवले. बाई फरफटत गेली आणि मेली. मोटार चालवणारा पंचविशीच्या आतला होता आणि जुहूच्या एका बारमध्ये त्याला कडक दारू दिली गेली होती. या दोन्ही घटनांतही जीव वाचवण्याची शेवटची जागा दाराजवळच होती. मुलगा दारातून बाहेर पडतो, किल्ली हातात घेतो आणि गाडीपर्यंत चालत जातो. तिथे त्याला कोणी अडवले नाही.

हे दीड वाजताच का घडते, याचेही गणित आहे आणि ते अवघड नाही. मुंबई-नवी मुंबईत परवाना असलेल्या बारना साधारण रात्री दीडपर्यंत मुभा आहे. त्यामुळे आसपासची पाच-सात ठिकाणे एकाच वेळी बंद होतात आणि दोन-तीनशे माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात. दारू अंगात भिनलेली असते. आत आवाज मोठा असल्यामुळे जे भांडण शब्दांत झाले नाही, त्याला बाहेर तोंड फुटते. कोणाची मोटारसायकल कोणाच्या गाडीमागे अडकलेली असते. कोणी कोणाच्या मैत्रिणीकडे पाहिले, एवढेही पुरते. रिक्षावाला या वेळी भाडे नाकारतो, आणि त्याला नुसती शिवी देऊन भागत नाही. मागच्या सीटवर कोणी ओकले तर त्याची उरलेली रात्र बुडते. शेवटची लोकल गेलेली असते, पहिली पहाटे चारच्या आसपास. आणि नेमके याच वेळी बारचे शटर खाली येते, दारावरचा मोठा दिवा बंद होतो आणि बाउन्सर कपडे बदलायला आत जातो. ज्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त माणसांची, उजेडाची आणि वाहनांची गरज, त्याच अर्ध्या तासात तिन्ही गायब.

नवी मुंबईच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. हे शहर आखून वसवलेले. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नोड आखले, सेक्टर पाडले, प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार, मैदान. ९ मे १९९२ रोजी खाडी ओलांडून लोकल वाशीला आली आणि मुंबईतल्या दोन खोल्यांतून निघालेली हजारो मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. आम्ही निवृत्तीच्या हिशेबाने फ्लॅट घेतले ते इथल्या शांततेसाठीच. आखणाऱ्यांनी खूप विचार केला होता. पण या शहराला रात्र असेल असा विचार केला नव्हता. शहर झोपेल आणि सकाळी लोकलने कामाला जाईल, असे धरून चालले होते. म्हणून रस्ते रुंद आणि रात्री ओसाड. पाम बीच मार्गासारखा सरळ, मोकळा रस्ता दिवसा डोळ्यांना सुख देतो आणि रात्री दोन वाजता पंचविशीच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरला चिथावणी देतो. आता जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. ज्या शहरात विमानतळ येतो त्या शहराची रात्र वाढते, कमी होत नाही. ती नको असेल तरी ती येणारच आहे.

यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असते. मुलांनी जावेच कशाला? बंद करा सगळे. या उत्तराची मी टिंगल करणार नाही. खारघर दारूमुक्त राहावे म्हणून तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली करून दुकाने बंद पाडली. त्यामागे संसार मोडल्याचा, मार खाल्ल्याचा अनुभव आहे. वरच्या मजल्यावर आजारी माणूस आणि खाली दोन वाजेपर्यंत धडधड, हा अन्यायच आहे, आणि झोपेचा हक्क हा काही चैनीचा हक्क नव्हे. कायद्याच्या वाटेने, मतदानाने, हरकती नोंदवून एखाद्या वस्तीने बार नाकारला तर तो तिचा अधिकार.

पण बंदी आणि तोडफोड या दोन्हींचा हिशेब पक्क्या वहीत मांडून पाहिला तर काय दिसते? तोडफोडीत काठी पडते ती मालकाच्या अंगावर नाही. तो तिथे नसतोच. समोर असतो तो महिन्याच्या पगारावर टेबले पुसणारा वेटर, गल्ल्यावरचा माणूस आणि तिथे काम करणाऱ्या बायका. रात्रीच्या हिंसेविरुद्ध म्हणून केलेली ती आणखी एक रात्रीची हिंसाच. आणि बंदी काय करते? ती जागा बंद होत नाही, तिचे दार तेवढे लपते. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारवर छापा पडला, तेव्हा मेकअपच्या खोलीतल्या आरशामागे खोदलेल्या पोकळीत सतरा स्त्रिया दडवलेल्या सापडल्या. त्या आरशामागे असताना खाली शॉर्ट सर्किट झाले असते तर? हा प्रश्न हवेतला नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिल आवारातल्या आगीत चौदा जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्या हडफडे इथे नाइट क्लबला आग लागून पंचवीस जण मेले आणि त्यांत बहुसंख्य तिथे राबणारे कामगार होते. जिथे बाहेर पडायची वाट अरुंद किंवा लपलेली, तिथे मरण दबा धरून असते. जागा जितकी अंधारात ढकलावी तितकी ही वाट अरुंद होत जाते.

मग करायचे काय? यासाठी थोडे दूर, वेल्समधल्या कार्डिफ शहरात डोकावू. तिथे जोनाथन शेपर्ड नावाचे जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ होते. शनिवार-रविवारी पबमधल्या मारामाऱ्यांत फुटलेले चेहरे शिवणे हे त्यांचे काम. शिवता शिवता त्यांच्या लक्षात आले की, टेबलावर येणाऱ्या कितीतरी जखमींची पोलिसांत नोंदच नसते. मार खाणारा तक्रार करत नाही; घाबरतो, लाजतो किंवा स्वतःही प्यालेला असतो. त्यांनी साधी गोष्ट सुरू केली. रुग्णालयात आल्यावर जखमीला नाव उघड न करता तीन गोष्टी विचारायच्या : कुठे झाले, केव्हा झाले, कशाने मारले. ही माहिती नियमितपणे पोलीस आणि नगरपालिकेला द्यायची. त्यावरून पोलिसांनी गस्तीच्या जागा आणि वेळा बदलल्या, ठराविक ठिकाणांवर नजर ठेवली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावरचा अभ्यास छापून आला. तशाच इतर शहरांशी तुलना करता कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले होते. पब बंद झाले नाहीत, कोणाची संस्कृती बुडाली नाही, फुटणारे चेहरे मात्र कमी झाले.

दुसरे उदाहरण याहून साधे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २००३ मध्ये एका धर्मोपदेशकाने पुढाकार घेऊन स्वयंसेवकांची रात्रीची फेरी सुरू केली. चर्चमध्ये जाणारी ही साधी माणसे, त्यांत पन्नाशी-साठीच्या काकू-मावश्याही. पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि रबरी चपला. चपला कशासाठी? उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींच्या पायात फुटक्या बाटल्यांच्या काचा जाऊ नयेत म्हणून. या माणसांना दारू मान्य नव्हती, नाचगाणेही फारसे मान्य नसावे. तरीही त्या चपला घेऊन गेल्या. मुलीला आधी घरी पोचवू, बरे-वाईट नंतर ठरवू, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. आपल्याकडे वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या पायाला तेल लावणारी माणसे आहेत. ती वृत्ती परकी नाही. शनिवारच्या रात्रीपर्यंत ती पोचलेली नाही, इतकेच.

आपल्याकडे नियमांची वाण आहे असेही नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, बिअरसाठी २१. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला शंभर तासांचे वर्गातले आणि साठ तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. आता दंडाचे स्नायू आणि काळा टी-शर्ट, एवढ्यावर बाउन्सर ठेवला जातो तेव्हा त्यातले किती तास भरलेले असतात, हे कोणीतरी तपासायला हवे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर गाडी चालवणे हा गुन्हा आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या माणसाला संरक्षणही दिले. पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीने पाठ फिरवण्याचे कारण उरलेले नाही. कायदा इतका दाराजवळ येऊन उभा आहे. त्याला आणखी वीस पावले पुढे नेणे, एवढेच काम राहिले आहे.

ते काम कोणाकोणाचे? बार-पबचा परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना उत्पादन शुल्क विभागाने आणि पोलिसांनी दाराबाहेरच्या जागेची अट घालावी. बंद झाल्यावर अर्धा तास दिवा चालू, दोन प्रशिक्षित रक्षक बाहेर, आणि शेवटचे गिऱ्हाईक गाडीत बसेपर्यंत शटर अर्धे उघडे. आतल्या कॅमेऱ्यांची सक्ती न्यायालयाने काढली ती तिथल्या माणसांच्या खासगीपणासाठी. बाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे. तिथला कॅमेरा चालू आहे की शोभेला लावला आहे, हे दर महिन्याला पाहता येते. ज्याला उभे राहता येत नाही त्याच्या हातात किल्ली द्यायची नाही, हा नियम वाहन लावून देणाऱ्या पोऱ्यालाही शिकवता येतो, मात्र त्याच्या पाठीशी मालक उभा हवा. महापालिकेची स्वतःची बससेवा १९९६ पासून आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री बेलापूर ते वाशी एखादी फेरी आणि बारच्या गल्लीबाहेर पोलिसांच्या नजरेखालचा रिक्षाथांबा, ही काही अब्जावधींची योजना नव्हे. आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयातल्या अपघात विभागाने कार्डिफच्या त्या तीन प्रश्नांची वही ठेवली, तर वर्षभरात या शहराची रात्र नेमकी कुठे दुखते ते कागदावर दिसेल. मग भाषणांची गरज कमी होईल.

उरले घर. पोलीस, पालिका, मालक या सगळ्यांपेक्षा माझा भरवसा घरावर जास्त आहे आणि तक्रारही घराबद्दलच जास्त आहे. कारण आपल्या घरांत या विषयावर बोलणे होत नाही, फक्त खटका उडतो. मुलगी 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' जाते, मुलगा 'ऑफिसच्या पार्टीला'. आई-बापांना ठाऊक असते, मुलांना ठाऊक असते की त्यांना ठाऊक आहे, आणि तरी सर्वांनी खोटे सांभाळायचे. दिवसा हे खोटे चालून जाते. रात्री दीड वाजता ते जिवावर बेतते. बाहेर भांडण पेटलेले असते, मित्र प्यालेला असतो आणि गाडी तोच चालवणार असतो, रिक्षा मिळत नसते, मागे कोणीतरी चालत येत असते. अशा वेळी मुलीच्या हातातल्या मोबाइलमध्ये घरचा नंबर असतो आणि ती तो लावत नाही. 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा पहिला प्रश्न तिला आधीच ऐकू आलेला असतो. त्यापेक्षा प्यालेल्या मित्राची मागची सीट तिला बरी वाटते.

हे वाक्य बदलणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे आणि त्याला अध्यादेश लागत नाही. या रविवारी जेवणाच्या टेबलावर एवढेच सांगून ठेवावे : आम्हाला तुमचे तिथे जाणे पसंत नाही, हे आमचे मत आहे आणि ते राहील. पण कितीही वाजता, कुठूनही, कोणत्याही अवस्थेत फोन करा. धोका दिसला तर आधी ११२ ला, मग घरी. आत परत जा, दिव्याखाली उभे राहा, प्यालेल्याच्या गाडीत बसू नका. मित्राला एकटे सोडून येऊ नका. त्यालाही सोबत आणा, त्याच्या घरी आपण सोडू. आम्ही येऊ. तेव्हा काही विचारणार नाही.

उलटतपासणी सकाळी नऊनंतर. चहा झाल्यावर.